म्हातारा कुत्रा आणि तीन पाय: शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने

पाय काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: या वयात हा तीन पायांवर चालेल का? बहुतेक कुत्रे चालतात. बरेचसे तर शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांच्या आत आधार घेऊन उभे राहतात. जखमही दोन आठवड्यांत भरून येते. उरलेले तीन पाय मात्र त्याला शेवटपर्यंत पुरवायचे असतात, आणि दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याचे ते तीन पाय आधीच थोडेफार झिजलेले असतात. घरच्यांचं सगळं लक्ष टाक्यांवर असतं आणि कुत्रा घसरतो तो फरशीवर. म्हणून या लेखात टाक्यांइतकंच फरशीबद्दल, नखांबद्दल आणि वजनाबद्दल लिहिलं आहे.

एक हिशोब आधी समजून घ्या. उभा असताना कुत्रा अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर पेलतो आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. म्हणजे पुढचा एक पाय साधारण ३० टक्के, मागचा एक २० टक्के. त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा लवकर सावरतो. पुढचा पाय गेलेल्याला जास्त वेळ लागतो, तो चालताना डोकं वर-खाली करतो आणि लवकर दमतो. जड अंगाच्या लॅब्रेडॉरला किंवा जर्मन शेफर्डला पंधरा-अठरा किलोच्या गावठी कुत्र्यापेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात.

शस्त्रक्रियेची तारीख अजून पुढे असेल तर

हे चार-पाच दिवस फार मोलाचे आहेत. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) आणि यकृताचे आकडे बघितले जातातच. आपल्याकडे गोचिडतापामुळे प्लेटलेट कमी असणं फार सर्रास आढळतं आणि तसं असेल तर टेबलावर रक्त थांबत नाही. कुत्र्याला अलीकडे गोचिड झाले असतील तर ते न विचारताही सांगा. हाडाच्या कर्करोगाची शंका असेल तर छातीचे एक्स-रे आधी काढून घ्यावे लागतात. उरलेल्या तीन पायांची तपासणीही मागून घ्या: खुबे, गुडघे, कोपरं आणि पाठीचा कणा. संधिवात थोडाफार निघणारच, तेवढ्यावरून शस्त्रक्रिया टाळायची नसते. पण दुसऱ्या पायाचा लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा पट्टा) फाटलेला असेल किंवा मागच्या पायांत नसांचा अशक्तपणा असेल, तर निर्णय पुन्हा बसून घ्यायला हवा.

पाय इतका वरून का काढतात, असं अनेकांना वाटतं. अर्धा पाय ठेवला तर कुत्रा ते थोटूक जमिनीला टेकवायचा प्रयत्न करत राहतो, ते आपटतं, घासतं आणि तिथे कायमची जखम होते. म्हणून पुढचा पाय बहुतेकदा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, आणि मागचा खुब्यातून किंवा मांडीच्या वरच्या भागातून. त्यामुळे कृत्रिम पाय बसवायला जागा उरत नाही, आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची गरजही पडत नाही.

भूल दिलेली असतानाच उरलेल्या तिन्ही पंजांची नखं कापायला आणि गाद्यांमधले केस काढायला डॉक्टरांना सांगून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घरी आल्यावर तीन पायांवर उभ्या असलेल्या, दुखऱ्या कुत्र्याची नखं कापणं कठीण जातं.

तारीख ठरवायला वाव असेल तर दिवाळीचे आणि गणपती विसर्जनाचे दिवस टाळा. फटाक्याला दचकून उठलेला कुत्रा चौथा पाय आहे असं समजून झेप घेतो आणि टाक्यांवर पडतो.

सगळ्यात आधी फरशी

व्हिट्रिफाइड टाइल, संगमरवर आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट हे तीन पायांच्या कुत्र्याचे सगळ्यात मोठे शत्रू आहेत. जुन्या घरातली खरखरीत शहाबादी त्या मानाने बरी. चार पायांचा कुत्रा एक पाय घसरला तर बाकी तिघांवर सावरतो. तीन पायांच्या कुत्र्याचा एक घसरला की तो खालीच येतो. दोन-तीनदा पडला की मग तो उठायलाच नाखूश होतो, आणि घरच्यांना वाटतं की त्याने धीर सोडला. निम्म्या वेळा दोष फरशीचा असतो.

सतरंजी, गोणपाट आणि चादर स्वतःच सरकतात, म्हणून उपयोगाच्या नाहीत. सगळ्यात स्वस्त आणि सोपा उपाय म्हणजे योगा मॅट. एक मॅट साधारण दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब असते. त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत आणि दारापासून घरातली माणसं जिथे बसतात तिथपर्यंत अशी एक पायवाट तयार करा. साधारण दोन खोल्यांच्या घराला चार ते सहा मॅट पुरतात. कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फरशीला पक्क्या करा. जिथे तो वळतो, बसतो किंवा उठतो तिथे दोन मॅट शेजारी शेजारी घाला, कारण घसरणं चालताना कमी आणि वळताना जास्त होतं. जड कुत्र्यासाठी व्यायामशाळेतले सहा-आठ मिलिमीटरचे रबरी मॅट जास्त टिकतात. लहान मुलांचे एकमेकांत अडकवायचे फोमचे तुकडेही चालतात, फक्त चघळायची सवय असलेल्या कुत्र्याला ते देऊ नका.

तपासायचं कसं? मोजा घालून स्वतःचा पाय मॅटवर ठेवा आणि जोरात पुढे ढकला. मॅट हलली तर ती कुत्र्यालाही धोका देणार.

पंज्यांना माणसांचे मोजे घालू नका, त्याने पकड जाते. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती लांब आहेत: नख आधी टेकतं आणि पंजाची गादी उचलली जाते. दर तीन आठवड्यांनी नखं आणि गादीतले केस.

अंथरूण जाड आणि घट्ट हवं. चार इंची फोमची गादी किंवा चांगली पिंजलेली कापसाची गादी चालते. बुडेल इतकी मऊ नको, कारण त्यातून उठायला तीन पायांना फार जोर लागतो. वर धुता येईल असं कापड आणि पहिल्या आठवड्यासाठी त्याखाली प्लास्टिकचा तुकडा घाला. जिना असेल तर तो अडवा: बाळासाठीचं गेट, आडवं टाकलेलं टेबल, काहीही. सोफा आणि पलंगाच्या बाबतीतही तेच, आणि हे दोन आठवड्यांपुरतं नाही, कायमचं.

घरी आणण्याचा दिवस

दवाखान्यातून निघण्याआधी या गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला, पुढचा कधी द्यायचा, टाके कोणत्या तारखेला काढायचे, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, आणि गाठ होती तर ती तपासणीला पाठवली का. ऐकून लक्षात राहील असं वाटतं, पण त्या दिवशी काहीच लक्षात राहत नाही.

आणि मन घट्ट करून जा. एका बाजूचे केस काढलेले, वीस-पंचवीस टाक्यांची लांब शिवण, डोळे गुंगीत. बघून पोटात गोळा येतो. पहिल्या आठवड्यात बहुतेक सगळ्या घरांत कोणीतरी रडतं आणि ‘आपण चुकलो का’ असं म्हणतं. त्या आठवड्यावरून निर्णय तोलू नका. त्याला त्या वेळी जे दुखतंय ते जखमेचं आहे, आणि ते दिवसागणिक कमी होत जातं. पाय हाडाच्या कर्करोगामुळे काढला असेल, तर ते आधीचं दुखणं रोज वाढत होतं.

पहिल्या एक-दोन रात्री कुत्रा कण्हतो, भुंकतो किंवा भिंतीकडे बघत बसतो. यात काही भाग दुखण्याचा असतो आणि काही तीव्र वेदनाशामकांच्या गुंगीचा. ओळखायची खूण अशी: जवळ बसून हात फिरवल्यावर शांत होऊन झोपला तर बहुतेक गुंगी आणि भीती. हात फिरवूनही धाप, थरथर आणि सतत जागा बदलणं चालूच राहिलं तर दुखतंय. डॉक्टरांना फोन करा. त्याच्याजवळ जमिनीवर गादी टाकून कोणीतरी झोपलं तर दोघांनाही झोप लागते.

दुखणं दाबून ठेवू देऊ नका

कुत्रा दुखलं म्हणून ओरडतोच असं नाही. म्हातारा कुत्रा तर बहुतेकदा गप्प होतो. न खाणं, कान मागे नेणं, एकाच कुशीवर पडून राहणं, विश्रांतीतही धापा टाकणं, स्पर्श केला की मान वळवून बघणं, या त्याच्या बोलण्याच्या खुणा. म्हणून औषध ‘दुखलं तर’ द्यायचं नसतं, घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. एकदा दुखणं चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं.

बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी एकत्र देतात: मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध, आणि नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन.

मेलोक्सिकॅम नेहमी खाल्ल्यावर द्यायचं. उलटी, जुलाब, काळी डांबरासारखी शी किंवा अचानक अन्न सोडणं यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवा आणि फोन करा. पोटात व्रण होणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं हे त्याचे खरे धोके आहेत, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात ते वाढतात. पाणी कमी पीत असेल तर आणखी. हे औषध चालू असताना स्टेरॉइड अजिबात नको. त्वचेच्या खाजेसाठी आधीपासून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

इथे एक चूक वारंवार होते. औषधाचं नाव तेच म्हणून माणसांच्या दुकानातून गोळी आणली जाते. पहिल्या दिवसानंतर मेलोक्सिकॅमचा कुत्र्याचा रोजचा डोस साधारण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम असतो, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला अडीच मिलिग्रॅम. माणसांची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची. पंधराची एक गोळी म्हणजे सहा दिवसांचं औषध एका वेळी. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर एकही नको, आणि पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको.

गॅबापेंटिनने झोप येते आणि पाय लटपटतात. पहिले तीन-चार दिवस कुत्रा दारू प्यायल्यासारखा डुलत असेल तर ते यामुळे असू शकतं. डोस कमी करायचा असेल तर विचारून, आणि बरेच दिवस दिल्यावर एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. त्याचं माणसांसाठीचं पातळ औषध काही वेळा झायलिटॉल घालून गोड केलेलं असतं, आणि झायलिटॉल कुत्र्यासाठी विष आहे. कॅप्सूलच घ्या.

काही कुत्र्यांना नसलेला पाय दुखतो. शांत झोपलेला कुत्रा एकदम किंचाळून उठतो, टाक्यांच्या बाजूला वळून बघतो, तिथली कातडी थरथरते, आणि मिनिटाभरात पुन्हा सगळं शांत. हे नसांचं दुखणं आहे, नुसत्या सूज उतरवणाऱ्या औषधाने ते थांबत नाही. असं दिसलं की मोबाइलवर चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. गॅबापेंटिन वाढवून किंवा सोबत अमँटाडिन देऊन बहुतेकदा फरक पडतो. शस्त्रक्रियेआधी पाय खूप दिवस दुखत होता अशा कुत्र्यांत हे जास्त दिसतं.

जखम

रोज सकाळी उजेडात शिवणीचा एक फोटो काढा. रोज बघणाऱ्याला सावकाश होणारा बदल कळत नाही, फोटोंमध्ये तो लगेच दिसतो.

पहिले तीन दिवस थंड शेक: बर्फाचे खडे ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. बर्फ थेट कातडीवर नको. पहिले एक-दोन दिवस गुलाबी पाण्याचे थोडे थेंब आले तर चालतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जांभळे-हिरवे डाग दिसतात आणि ते पोटाकडे, खाली सरकत जातात. घाबरू नका, साकळलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, आणि दहा-चौदा दिवसांत विरतं. पहिल्या आठवड्यात शिवणीच्या खालच्या टोकाला पाण्याच्या पिशवीसारखी मऊ, न दुखणारी सूज येऊ शकते. स्नायू काढलेल्या पोकळीत साचलेला तो द्राव असतो. ती सुई टोचून घरी रिकामी करायची नाही, कारण त्या सुईबरोबर जंतू आत जातात. चौथ्या दिवसापासून कोमट शेक आणि कमी हालचाल, एवढ्यावर ती बहुतेकदा स्वतःहून जिरते.

सूज कडक, गरम, दुखरी झाली, पिवळा वास मारणारा पू आला, शिवण उसवली, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, त्यामुळे माणसाच्या मोजमापाने त्याला ताप ठरवू नका.

हळद, खोबरेल तेल, राख यातलं शिवणीवर काहीच लावायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही, ते नव्याने भरणारी कातडी जाळतं. कोरडी आणि मोकळी जखम सगळ्यात चांगली भरते. जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला शंकू टाके निघेपर्यंत चोवीस तास. ‘चाटून बरं होतं’ हा समज सोडा, कारण पाच मिनिटांच्या चाटण्यात टाके निघतात. शंकूने तो फारच वैतागत असेल तर सुती टी-शर्ट घालता येतो, पण तो एकटा असताना शंकू हवाच.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात माशीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसाभरात अळ्या होऊ शकतात. पहिले दोन आठवडे कुत्रा घरात, आणि दिवसा झोपेल तिथे लहान बाळाची मच्छरदाणी. माशी हाकलणारे फवारे ताज्या टाक्यांवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मारू नका. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, त्यानंतरही दोन-तीन दिवस आंघोळ नको.

उठवणं, उचलणं, शू आणि शी

मागचा पाय गेला असेल तर जुना मोठा टॉवेल किंवा सुती ओढणी पोटाखालून, मागच्या पायाच्या अगदी पुढून घालून दोन्ही टोकं वर हातात धरा. नर असेल तर कापड लिंगाच्या पुढे राहील असं बघा, नाहीतर शू अडते किंवा कापड ओलं होऊन कातडी सोलते. पुढचा पाय गेला असेल तर वर मूठ असलेला छातीचा पट्टा लागतो, पण त्याचा कोणताही बंद शिवणीवर घासता कामा नये. टाके निघेपर्यंत छातीखालून टॉवेलच बरा. गळपट्ट्याला धरून कुत्रा कधीही उठवू नका, शेपटीला धरून तर नाहीच.

या टॉवेलच्या झोळीत त्याचं वजन येऊ देऊ नका. कापड किंचित ढिलं राहू द्या आणि तो कलला तरच ते ताणा. सतत उचलून धरलेला कुत्रा तोल शिकत नाही. काही घरांत महिनाभर प्रेमापोटी टॉवेल धरून ठेवतात आणि त्यामुळे कुत्रा मागे पडतो. सहसा आठवड्याभरात, जड किंवा अशक्त कुत्र्यात दोन-तीन आठवड्यांत, झोळी सुटते.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले दोन आठवडे गॅलरीत कृत्रिम गवताचा तुकडा आणि खाली ट्रे ठेवा. एरवी बाहेर जाणाऱ्या कुत्र्याला तिथे शू करायला पटत नाही, म्हणून त्याच्याच शूने भिजलेला कागद त्यावर ठेवा. खाली न्यावंच लागलं तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी न्या. एकट्याने उचलायचं असेल तर एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, पाठ आडवी ठेवून, आणि शिवण तुमच्या अंगाला न लावता.

दवाखान्यात सलाइन लागलेली असते म्हणून पहिल्या दिवशी शू जास्त होते. चोवीस तासांत अजिबात झाली नाही तर फोन करा. शी मात्र तीन ते पाच दिवस लांबू शकते: उपाशी पोट आणि वेदनाशामकं. उकडलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे आणि भरपूर पाणी यांनी काम होतं. मागचा पाय गेलेल्या कुत्र्याला शीसाठी वाकून स्थिर राहता येत नाही, तो चालत चालत करतो. त्या वेळी टॉवेल घट्ट धरा, पाय दुखला की तो शी अडवून धरायला लागतो. पाय वर करणारा नर हळूहळू खाली बसून शू करायला शिकतो, शिकवावं लागत नाही.

पाण्याची आणि जेवणाची भांडी त्याच्या छातीच्या उंचीपर्यंत उचला, विशेषतः पुढचा पाय गेला असेल तर. एका पुढच्या पायावर वाकून जमिनीपर्यंत तोंड नेणं हा रोजचा नको असलेला व्यायाम आहे.

खाणं आणि वजन

पहिल्या दोन-तीन दिवसांत भूक मंद असते. उकडलेलं चिकन, त्याचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी, उकडलेलं अंडं, हाताने भरवलं तरी चालेल. औषध पोटात जाण्यासाठी खाणं हवंच. ४८ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना सांगा.

टाके निघाले की वजनाकडे वळा, आणि इथे लाड कामाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावरचं वजन लिहून ठेवा, तो नवा आकडा. जुन्या वजनाशी तुलना करू नका, कारण पायाचं वजन गेलेलं असतं. विश्रांतीच्या कॅलरींचा ढोबळ हिशोब असा: वजनाला ३० ने गुणा आणि ७० मिळवा. २५ किलोला ८२०. म्हाताऱ्या, नसबंदी झालेल्या, कमी फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसभरात याच्या १.२ ते १.४ पट, म्हणजे साधारण १००० ते ११५० पुरतात. आता बघा: जेवताना आपल्या ताटातल्या दोन पोळ्या म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी, त्याच्या दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा. चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे आणखी शंभर.

फक्त दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचे स्नायू मुळातच कमी असतात, आणि आता त्याला स्नायूच हवे आहेत. मूत्रपिंडाचे आकडे ठीक असतील तर चिकन, अंडं, मासे यांचा वाटा वाढवा आणि भात-पोळी कमी करा. बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. तीन पायांच्या कुत्र्यासाठी जरासा बारीक असणं हेच सगळ्यात चांगलं सांध्याचं औषध.

तिसऱ्या आठवड्यापासून व्यायाम

पहिले चौदा दिवस फक्त शू-शीपुरतं बाहेर, पट्ट्याला बांधून, पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. टाके निघाल्यावर एका फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा, चार दिवस तसंच ठेवा, मग पुन्हा वाढवा. एक लांब फेरी नको, तीन लहान हव्यात.

नवख्यांना चकवणारी एक गोष्ट: तीन पायांच्या कुत्र्याला सावकाश चालणं हे भरभर उड्या मारत जाण्यापेक्षा अवघड असतं. एका जागी उभं राहणंही दमवतं. तो पुढे पळतोय म्हणजे त्याच्यात खूप ताकद आली असं नाही, कित्येकदा तो तोल सांभाळण्यासाठी पळत असतो. म्हणून ताकद वाढवायची तर हळू चालवा, आणि त्यातच मधे मधे थांबू द्या.

घरी, मॅटवर: त्याला सरळ उभं करा आणि दहा सेकंद तसंच ठेवा, असं पाच वेळा. मग खाऊचा तुकडा नाकासमोर धरून नाक डाव्या खांद्याकडे न्या, पाच सेकंद, मग उजव्या. उरलेल्या पायावर भार जातो-येतो आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. बसव, उठव: आधी तीनदा, दोन आठवड्यांत आठपर्यंत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात झाडूच्या काठ्या त्याच्या अंगाच्या लांबीएवढ्या अंतराने जमिनीवर टाकून त्यावरून हळू चालवा. काठ्या गडगडू नयेत म्हणून टेपने चिकटवा. दिवसातून दोनदा, एकूण दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

जास्त झालं का हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उठायला वेळ लागला, पाय आखडला किंवा फिरायला नको म्हणाला, तर आदल्या दिवशीचं निम्मं करा.

मान, पाठ आणि उरलेल्या जोडीदार पायाचा खांदा किंवा मांडी रोज पाच मिनिटं तळहाताने चोळा, शिवणीपासून चार बोटं लांब. पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याची मान आणि पाठ दगडासारखी आखडते. पाण्यातला व्यायाम चांगला, पण जखम पूर्ण भरल्यावर आणि अंगावर फिरता हात ठेवणारं माणूस सोबत असेल तरच. मोठ्या शहरांत प्राण्यांचे फिजिओथेरपिस्ट मिळतात. इतरत्र मुंबईचं परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं दुसरं मत घ्यायला उपयोगी पडतात.

चेंडू फेकणं बंद. अचानक थांबणं आणि गर्रकन वळणं यात मागच्या एकुलत्या गुडघ्याचा लिगामेंट तुटतो, आणि मग उभं राहायला काही उरत नाही. गाडीतून उडी मारू देऊ नका, पुढच्या एका मनगटावर सगळं अंग आदळतं. ते मनगट जमिनीकडे बसत चाललंय असं दिसलं तर वाट न बघता दाखवा, वेळेत आधारपट्टा लावला तर सावरता येतं.

गल्लीतली कुत्री लंगड्या कुत्र्यावर धावून जातात, आणि त्याला पळताही येत नाही आणि मागे वळून उभंही राहता येत नाही. पहिले दोन महिने वर्दळ कमी असते अशा वेळी न्या. एप्रिल-मे महिन्यात सकाळी सातच्या आत. तीन पायांवर चालायला जास्त जोर लागतो, त्यामुळे अंग लवकर तापतं.

कर्करोगासाठी पाय काढला असेल तर

हाडाच्या कर्करोगात पाय काढल्याने दुखणं संपतं, आजार संपत नाही. निदानाच्या वेळी बहुतेक कुत्र्यांच्या फुफ्फुसात न दिसणारे कण पोचलेले असतात. फक्त पाय काढला तर निम्मे कुत्रे साधारण चार-पाच महिन्यांपेक्षा जास्त जगतात. सोबत कार्बोप्लॅटिनसारखी किमोथेरपी दिली तर हा काळ साधारण दहा-बारा महिन्यांचा होतो. किमो टाके निघण्याच्या सुमारास सुरू करतात, म्हणून तो विचार शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवा. कुत्र्यांना ती माणसांपेक्षा खूप सौम्य डोसात देतात, बहुतेकांचे केस जात नाहीत आणि खाणंपिणं चालू राहतं. ती न देण्याचा निर्णयही चूक नाही. बिनदुखण्याचे काही महिने हा त्या कुत्र्यासाठी मोठा काळ आहे.

पुढे छातीचा एक्स-रे दर दोन-तीन महिन्यांनी काढतात. घरी झोपेतले श्वास मोजायची सवय लावा: तीस सेकंद मोजून दुप्पट करा. गाढ झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवेत. सलग दोन-तीन दिवस वर राहिले, खोकला आला किंवा नेहमीच्या फेरीत मधेच बसायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.